ड्युटीची गाडी

आमच्या भिवंडीत कुणी नोकरीला जात नाही, सगळे ड्युटीला जातात. लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कारागीर ड्युटीला जातो, गोडाऊनमधली पॅकिंगवाली ड्युटीला जाते, बँकेतला कारकूनसुद्धा घरातून निघताना तेच सांगतो. माझे बाबा लूमवर होते. सकाळी घरात पहिला प्रश्न असायचा, "आज ड्युटी हाय का?" लाईट गेली की ड्युटी न्हाय, लाईट आली की ड्युटी हाय. हा शब्द इंग्रजी आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. त्याचा आणखी एक अर्थ लावला जातो हे कळायला मात्र तिशी गाठावी लागली. त्या एका शब्दावरून एका विमा कंपनीने मला खोटारडी ठरवलं आणि माझ्या गाडीची पॉलिसी रद्द केली. कंपनीचा राग आता राहिलेला नाही. जे राहिलं आहे ते सरांबद्दलचं आहे, म्हणून आधी सरांविषयी सांगते.

सर आम्हाला आठवीपासून दहावीपर्यंत मराठी शिकवायचे. आठवीत त्यांनी 'माझे बाबा' या विषयावर निबंध घातला होता. माझं पहिलं वाक्य होतं, 'माझे बाबा रोज ड्युटीला जातात.' सरांनी 'ड्युटी'भोवती लाल गोल काढला, वर 'नोकरी' लिहिलं, आणि समासात लिहिलं, 'आपल्याकडे नोकरीलाच ड्युटी म्हणतात. पण लिहिताना नोकरी असे लिहावे.' खाली सही. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, ओरडणार. ते म्हणाले, "अगं, बोलताना खुशाल ड्युटी म्हण. पण लिहिलेलं लांबचा माणूस वाचतो. त्याला कुठं ठाऊक आपली भिवंडी?"

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांची एक ठाम समजूत होती, की सर ज्या पानावर लाल पेन जास्त चालवतात ते पान त्यांना जास्त आवडलेलं असतं. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. वर्षअखेरीला रद्दीवाला आला की बाबा माझ्या वह्या चाळायचे आणि जिच्यात लाल जास्त ती बाजूला काढायचे. "ही न्हाय द्यायची. हिच्यात सरांचं लय हाय." पत्र्याच्या पेटीत अशा सात-आठ वह्या जमल्या. म्हणजे माझ्या सगळ्यात जास्त चुकांच्या वह्या आमच्या घरात जपून ठेवलेल्या होत्या.

दहावी झाल्यावर मला कांडी भरायला बसवायचं घरात ठरलं होतं. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात घालायची धाग्याची नळी. आमच्या गल्लीतल्या बहुतेक मुली तेच करायच्या. निकालानंतर चार दिवसांनी सर घरी आले. आमच्याकडे खुर्ची नव्हती. ते खाटेच्या काठावर बसले, चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "हिला माझ्या शब्दावर कॉलेजात घाला. दोन वर्षं बघा. नाही जमलं तर मी स्वतः येऊन सांगेन, कांडीवर बसवा." लूमच्या आवाजाने बाबांना तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी सरांना ते पुन्हा मोठ्याने बोलायला लावलं. सर पुन्हा मोठ्याने बोलले, शेजारणी दारात येऊन ऐकत राहिल्या. कॉलेजचा फॉर्म सरांनी भरला, फक्त सही माझी. पुढे मी बी.कॉम. झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोचलेलं मी पहिलं माणूस. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन मी आधी सरांकडे गेले होते, घरी नंतर.

भिवंडीजवळ वडप्याला एका मोठ्या गोडाऊनमध्ये मला डिस्पॅचच्या टेबलावर नोकरी लागली. कुठल्या गाडीत कुठला माल चढला, त्याचे कागद तयार करणं हे माझं काम. आम्ही राहतो भिवंडीच्या टोकाला, कोन गावात. आधी कंपनीची व्हॅन कोनच्या नाक्यावर यायची, मग ती यायची बंद झाली. "रांजणोली नाक्याला उभ्या राहा, तिथून घेऊ," असं सांगण्यात आलं. तिथे दोन्ही बाजूंनी ट्रेलर येतात आणि उभं राहायला जागा नाही. माझ्याबरोबर आमच्या गल्लीतली खाला, म्हणजे मावशी, असायची. तिची माणसं मूळची खाडीकाठची, ती बोलते मात्र आमच्यासारखंच, मध्ये मध्ये उर्दू घालून. पॅकिंगला होती. तिचा एक गुडघा कायम सुजलेला. एकदा व्हॅनमध्ये चढताना ती पाय घसरून पडली आणि मागून येणारा टेम्पो हातभर अंतरावर थांबला. त्याच आठवड्यात मी गाडी घ्यायची ठरवली. गाडी चालवायला मी आधीच शिकले होते. एका ओळखीच्या माणसाकडची जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली. आमच्या गल्लीत ती वळवायला सहा वेळा मागेपुढे करावी लागते. खाला तिला 'नवरी' म्हणायची.

"बाजूला व्हा रे, नवरी येते!" ती खिडकीतून मुलांना ओरडायची.

गाडीचा विमा कुठे उतरवायचा हा प्रश्नच नव्हता. सर निवृत्त होऊन विमा एजंटचं काम करायला लागले होते. शाळेत होते तसेच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी गेले तेव्हा ते गॅलरीत बसून कुणाचातरी फॉर्म भरत होते.

"बसा बसा, गाडीवाल्या मॅडम," ते म्हणाले. "चहा घेणार, की आता कॉफी लागते?"

"सर, काहीतरीच काय."

त्यांनी फॉर्म काढला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गाडी वापरणार कशाला?"

"ड्युटीला, सर."

ते हसले, अगदी मोठ्याने. "अजून ड्युटीच का गं? एवढे गोल काढले मी, सगळे वाया?"

मीही हसले. त्यांनी फॉर्मवर 'खाजगी वापर' लिहिलं. मी सही केली. सरांनी भरलेला फॉर्म वाचून बघायचा असतो, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो बरोबरही होता. पुढे जे झालं त्यात चूक त्या फॉर्मची नव्हती.

पॉलिसी आली. मी ती छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात गाडीत ठेवली. महिनाभराने एका दुपारी मी टेबलावर कागदांत बुडाले असताना फोन आला. विमा कंपनीतून, माहिती पडताळणीसाठी. बोलणारी मुलगी हिंदीत बोलत होती, कुठल्या शहरातून ते मला माहीत नाही. मी आमच्या भिवंडीच्या हिंदीत उत्तरं दिली.

"मॅम, गाड़ी का इस्तेमाल किस लिए होता है?"

"ड्यूटी के लिए. ड्यूटी के लिए ही तो ली है."

"गाड़ी में आप अकेली होती हैं?"

"नहीं, और लेडीज़ रहती है ना साथ में. रोज़ का है."

"ठीक है मॅम, धन्यवाद. आपका दिन शुभ हो."

मागे फोर्कलिफ्ट पीं पीं करत होती. मी फोन ठेवला आणि विसरून गेले.

वीस-पंचवीस दिवसांनी ईमेलवर पत्र आलं. इंग्रजीत होतं. मी ते दोनदा वाचलं, मग एकेक शब्द धरून तिसऱ्यांदा. माझी गाडी 'ड्युटीवर', म्हणजे भाड्याने लावलेली आहे, तिच्यातून रोज प्रवासी नेले जातात, ही गोष्ट मी प्रस्तावात लपवली, खोटी माहिती देऊन खाजगी गाडीची पॉलिसी घेतली. म्हणून ती सुरुवातीपासून रद्द करण्यात येत आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गोडाऊनच्या गेटवर ज्या गाड्या कंपनीने भाड्याने घेतलेल्या असतात, त्यांचे ड्रायव्हर म्हणतात, 'माझी गाडी ड्युटीला लागली.' तोच शब्द. मी ड्युटीला जात होते आणि त्यांनी माझी गाडी ड्युटीला लावली होती.

मला हसू यायला हवं होतं. पण त्या पत्रात माझं पूर्ण नाव होतं, बाबांच्या नावासकट, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत खोटी माहिती हे शब्द होते. दुसऱ्या एका कंपनीत चौकशी केली, तर फॉर्मवरचा चौथाच प्रश्न होता: याआधी तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का? हो म्हटलं तर कारण लिहा. कारण काय लिहू? खोटारडी हे नाव घेऊन मला जन्मभर फॉर्म भरावे लागणार होते. गाडी मी त्याच दिवशी घरासमोर उभी केली आणि वर मेणकापड घातलं. विम्याशिवाय ती रस्त्यावर काढणं मला पटणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाला आणि मी पुन्हा रांजणोली नाक्यावर.

"नवरी माहेरी बसली," खाला गुडघा चोळत म्हणाली. "सासरवाल्यांनी न्हाय नेली."

मी सरांकडे गेले. पत्र दाखवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, आणि 'ड्युटी' शब्दापाशी आल्यावर माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना सगळं कळलं होतं, मला समजावून सांगावं लागलं नाही.

"मूर्ख लोक आहेत," ते म्हणाले. "भाषा कळत नाही आणि पडताळणी करतात. मी बघतो. तू रीतसर तक्रार टाक, मी आतून बोलतो. एका वाक्याचं काम आहे."

मी हलकी होऊन घरी आले. बाबांना ओरडून सांगितलं, "सर बघतायत!" बाबांनी मान डोलावली आणि आत जाऊन झोपले. आमच्या घरात सर बघतायत म्हणजे काम झालं.

तक्रारीला उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सर रोज सकाळी फोनवर मला सुविचार पाठवत होते, ते गेली कित्येक वर्षं पाठवायचे तसेच. मी दोनदा विचारलं, 'सर, काही कळलं का?' त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग उत्तर आलं: निर्णय कायम. सोबत पुरावा म्हणून एजंटचं निवेदन जोडलं होतं. छापील चार ओळी. 'प्रस्तावाच्या वेळी ग्राहकाने गाडी ड्युटीसाठी वापरणार असल्याचे मला सांगितले नाही. सांगितले असते तर मी हा प्रस्ताव पाठवला नसता.'

खाली सही. पहिलं अक्षर मोठं, शेवटी मागे वळलेली शेपटी आणि खाली दोन टिंबं. आठवी ते दहावीच्या माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती सही आहे, तेव्हा ते आमचे वर्गशिक्षकही होते. मी तेव्हा ती वहीच्या मागच्या पानावर गिरवलेली आहे, मोठी झाल्यावर आपलीही अशीच असावी म्हणून.

ते पत्र मी ऑफिसात वाचलं. त्या दिवशी माझ्या हातून दोन गाड्यांच्या कागदांची अदलाबदल झाली. साहेबांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी सरळ सरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं. नेहमी त्या आधी "जेवून जा" म्हणतात. त्या दिवशी त्या सरळ आत गेल्या. सर गॅलरीत होते. मी निवेदन समोर धरलं.

"सर, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? इथेच बसून."

"तू नोकरी म्हणालीस असं मला आठवतं."

"ड्युटी म्हणाले मी. तुम्ही हसलात. गोल वाया गेले म्हणालात."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "निवेदन त्यांनीच टाईप करून आणलं होतं. वरचा साहेब इथे येऊन बसला. म्हणाला, एकतर ग्राहकाने लपवलं, नाहीतर एजंटने लपवलं. दोनांतलं एक लिहा. एजंटने लपवलं असं मी लिहिलं असतं तर माझं काम त्याच दिवशी बंद."

"तिसरंही होतं, सर. कुणीच लपवलं नाही, असं."

"तेवढा वेळ होता का त्या माणसाला?"

"एका वाक्याचं काम आहे, असं तुम्हीच म्हणालात."

मग सर जे बोलले ते मी आजही विसरू शकत नाही. अगदी शांतपणे, वर्गात समजावून सांगायचे तशा आवाजात ते म्हणाले, "हे बघ पोरी, तुझं काय बिघडणार आहे? तू शिकलेली आहेस. भांडशील, लिहिशील, वर जाशील. तुला येतं ते सगळं. मला या वयात दुसरं काम कोण देणार?"

ज्या शिक्षणासाठी हा माणूस आमच्या खाटेच्या काठावर बसून दोनदा मोठ्याने बोलला होता, तेच त्याने माझ्याविरुद्ध वापरलं. तू शिकलेली आहेस, म्हणून तुला सोडून दिलं तरी चालतं. मी चपला घातल्या. जिन्यात आल्यावर लक्षात आलं की निघताना मी त्यांना नमस्कार केला होता. सवयीने.

पुढचं मला खरंच येत होतं. कंपनीच्या वर विमा लोकपाल असतो, त्याच्याकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागत नाही, हे मी शोधून काढलं. कंपनीकडून त्या फोनचं रेकॉर्डिंग मागवलं. माझ्या ऑफिसातून पत्र घेतलं की मी इथे नोकरी करते आणि माझी कुठलीही गाडी त्यांनी भाड्याने लावलेली नाही. सगळं फाईलला लावलं. तरी एक गोष्ट राहत होती. ड्युटी म्हणजे नोकरी, हे कागदावर कुठे आहे? शब्दकोशात तर कर्तव्य, कर असले अर्थ होते.

मला वही आठवली.

रविवारी मी पत्र्याची पेटी उघडली. ती वही वरून तिसरी होती. पान पिवळं पडलं होतं, लाल शाई मात्र तशीच. 'आपल्याकडे नोकरीलाच ड्युटी म्हणतात.' खाली मोठं पहिलं अक्षर, शेपटी, दोन टिंबं.

बाबा शेजारी येऊन बसले. मी त्यांना मोठ्याने सगळं सांगितलं. सरांनी काय लिहून दिलं तेही, जे तोवर लपवलं होतं. त्यांनी विचारलं, "ह्या पानात सरांचं नाव हाय?"

"सही आहे."

"मंग हे दावलं का सरांना तरास होईल?"

"होईल. ह्या पानावरून कळतं की सरांना ड्युटीचा अर्थ माहीत होता."

बाबांनी पानावरून बोट फिरवलं, लाल गोलावरून. त्यांना अजूनही वाटत होतं की ते पान सरांना फार आवडलं होतं.

"मंग सही झाकून दाव," ते म्हणाले. "आपलं काम झालं म्हंजे झालं. त्यांचं कशाला उघडं पाडाचं?"

मी नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि सहीवर कागदाची पट्टी ठेवून त्या पानाची प्रत काढली. दुकानदाराने विचारलं, "ये पट्टी निकालूँ क्या, मॅडम? गलती से रह गयी." मी म्हटलं, राहू दे.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मी घरीच बसले होते, मागे भिंतीवर देवांचा फोटो आहे तिथे. बाबा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बाजूला स्टुलावर. पडद्यावर लोकपालांच्या कार्यालयातल्या अधिकारी बाई आणि कंपनीचा माणूस. त्याने माझं फोनवरचं बोलणं वाचून दाखवलं. ड्यूटी के लिए ही तो ली है. और लेडीज़ रहती है. रोज़ का है. वाचलं तेव्हा मलाही ते गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटलं.

बाईंनी मराठीत विचारलं, "या लेडीज कोण?"

"माझ्या गल्लीतली खाला आहे मॅडम, त्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. एकटीच. मी फोनवर नुसतं लेडीज म्हणाले."

"गाडीत बसण्याबद्दल त्या काही देतात?"

"कधीतरी सुके बोंबील देते."

बाई हसल्या. कंपनीचा माणूसही हसला. बाबांनी ऐकू न आल्यामुळे बाजूने मोठ्याने विचारलं, "काय म्हणतात?" आणि मी हाताने त्यांना थांबवलं.

मग वहीचं पान निघालं. बाईंनी ते पडद्यावर मोठं केलं आणि वाचलं. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, हे कुणीही लिहू शकतं. सहीच्या जागी पट्टी आहे. मूळ कुणाचं आहे ते झाकलेलं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सही का झाकली?"

"शिक्षकांची आहे, मॅडम."

"मग दाखवायला काय हरकत? कोण शिक्षक?"

मी म्हणू शकत होते की आता ते आठवत नाही, शाळेला खूप वर्षं झाली. कुणी शोधायला गेलं नसतं. पण खोटं बोललीस, एवढाच तर माझ्यावर आरोप होता. तो खोडण्यासाठी मी खोटं बोलले असते तर कंपनीचं पत्र खरं ठरलं असतं.

वही माझ्या मांडीवरच होती. मी ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "ज्यांनी मला मराठी शिकवलं त्यांची सही आहे. तेच माझे एजंट आहेत. तुमच्याकडच्या निवेदनावर हीच सही आहे."

कंपनीच्या माणसाने आपले कागद चाळायला घेतले. बाबांना ऐकू आलं नव्हतं, पण मी वही उचलून दाखवलेली त्यांनी बघितली. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आदेश माझ्या बाजूने आला. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध होत नाही, पॉलिसी पूर्ववत करावी. ती ओळ मी बाबांना तीनदा वाचून दाखवली. खाला आली, तिने मेणकापड स्वतः ओढून काढलं, त्याखाली मांजरीने पिल्लं घातली होती. त्यांना हलवेपर्यंत नवरी आणखी चार दिवस घरीच राहिली.

सरांची चौकशी लागली की त्यांनी आधीच काम सोडलं, हे मला नक्की कळलं नाही. गावात दोन्ही ऐकलं. "शिकवलेल्या पोरीनंच सरांना घालवलं," असंही ऐकलं. आमच्या वर्गातला एक जण नाक्यावर भेटला, तो म्हणाला, "जरा सांभाळून घ्यायला पाहिजे होतंस. गुरू आहेत." मी त्याला म्हटलं, "सांभाळूनच घेतलं होतं. पट्टी लावली होती." त्याला काही समजलं नाही. सकाळचे सुविचार बंद झाले. इतकी वर्षं मी ते न वाचताच पुढे सरकवायचे. आता सकाळी फोन हातात घेतला की त्या जागी काहीच नसतं आणि मी उगाच थोडा वेळ बघत राहते.

सरांनी माझ्यासाठी जे केलं ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. ते खाटेवर बसले नसते तर मी आज कांडीवर असते, आणि लोकपाल हा शब्द मला माहीतही नसता. ते मी कधी नाकारणार नाही. पण ज्याच्या शब्दावर माझ्या बापाने मला कॉलेजात घातलं, त्या माणसाने माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. एकीने दुसरी खोडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात पॉलिसी नव्याने भरायची वेळ आली. या वेळी फॉर्म मीच भरला, घरी बसून, प्रत्येक ओळ वाचून. दुसरीच कंपनी घेतली. याआधी पॉलिसी रद्द झाली आहे का, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर लिहिलं आणि आदेशाची प्रत जोडली. मग 'वाहनाचा वापर' असा रकाना आला. बाबा शेजारी होते, त्यांनी विचारलं, "काय लिवतेस?"

लांबचा माणूस वाचणार होता. मी लिहिलं, 'नोकरीला जाण्या-येण्यासाठी.'

"नोकरी म्हणजे ड्युटी," मी बाबांना मोठ्याने सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "सरांनी लाल काडलं व्हतं."